रात्रीचे उठणे

सभागृहात शिरल्यावर मी आधी व्यासपीठ पाहत नाही, दार पाहते. कोणत्या बाजूने बाहेर पडता येईल, वाटेत किती माणसांचे गुडघे ओलांडावे लागतील, आणि बाहेर पडल्यावर 'सोय' उजवीकडे आहे की डावीकडे, एवढे कळले की मग मला व्यासपीठावरचे चेहरे दिसू लागतात. ही सवय मला २०१७ सालच्या एका चर्चासत्रापासून लागली. स्त्रियांच्या आत्मचरित्रांवरील सत्राची मी अध्यक्ष होते. तिसऱ्या निबंधवाचकाने वेळेची मर्यादा केव्हाच ओलांडली होती. मला खोकल्याची उबळ आली, ती आवरेना, आणि त्या उबळीबरोबर जे व्हायचे ते झाले. अंगावर बदामी रंगाची साडी होती. मी अध्यक्षीय समारोप बसूनच केला. श्रोत्यांना तो अनौपचारिकपणा आवडला असावा. सभागृह रिकामे होईपर्यंत मी खुर्चीवरून हलले नाही. न्यायला आलेल्या विद्यार्थिनीला म्हटले, "पाय आखडला आहे गं, तू हो पुढे."

त्यानंतर दोन वर्षे मी बहुतेक निमंत्रणे नाकारली. 'प्रकृती ठीक नाही' हे एक उत्तर आणि 'हातात मोठे काम आहे' हे दुसरे. दोन्ही अर्धी खरी होती. 'बाईंना आता लहान सभा चालत नाहीत' असे कोणीसे म्हटल्याचेही कानावर आले. मी ते खोडून काढले नाही. गर्विष्ठ म्हणवून घेणे मला त्या दुसऱ्या गोष्टीपेक्षा सोपे वाटले.

ज्या विषयावर मी डॉक्टरेट मिळवली तो विषय स्त्रियांच्या आत्मकथनांचा. रमाबाई रानडे यांचे १९१० सालचे पुस्तक, १९३४ पासून प्रसिद्ध होत गेलेली लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि त्यांच्या मागून आलेल्या कितीतरी बायका मी पाच वर्षे वाचत होते. बाळंतपणे, वैधव्य, सोवळे, शिक्षण, सासुरवास अशी त्या प्रबंधाची प्रकरणे होती. परवा तो प्रबंध पुन्हा चाळला तेव्हा ध्यानात आले की त्यात देह आहे तो दुखणारा, प्रसवणारा आणि मरणारा. रोज सकाळी उठून स्वतःच्या लहानसहान गरजा भागवणारा देह त्यात नाही. दोष त्या लेखिकांचा आहे असे मी म्हणणार नाही. मीही तो त्यांच्या मजकुरात शोधला नव्हता. एवढ्या बाळंतपणांनंतर या बायकांना खोकताना काय होत असेल, असा प्रश्न मार्गदर्शकांपुढे काढण्याची माझी छाती नव्हती, हे खरेच. पण तो मला सुचलाही नव्हता, हे त्याहून खरे.

शब्दांकडे पाहावे तरी तीच गत. आमच्या घरी 'लघवी' हा शब्दही मोठ्याने उच्चारला जात नसे. 'मोरीत जाऊन येते', 'मागे जाऊन येते', आणि फार तर 'एकी'. त्यातल्या त्यात 'लघुशंका' हा शब्द मला आता फार नेमका वाटतो. ज्याने तो घडवला त्याने शरीराच्या एका सूक्ष्म अवस्थेकडे लक्ष दिले होते. कारण माझ्या वयाच्या कितीतरी बायकांना जी येते ती खरोखर शंकाच असते. आहे की नाही? आत्ता जावे की थोड्या वेळाने? पोचेन की नाही? वैद्यक या तक्रारीचे दोन मुख्य प्रकार मानते. एकात खोकला, शिंक, हसणे, ओझे उचलणे यांनी पोटातला दाब एकाएकी वाढतो आणि मूत्राशयाचे तोंड तो दाब पेलू शकत नाही. दुसऱ्यात मूत्राशयाचा स्नायू पुरता भरण्याआधीच आकुंचन पावू लागतो आणि शंका येताच धावावे लागते. पुष्कळ जणींना दोन्ही असतात. मलाही दोन्ही होत्या.

माझ्या आईला काय होते, हे आता सांगता येत नाही. १९९० नंतर ती आमच्याकडे इंदूरला राहत असे. रामबागेतल्या जुन्या घरात दोन खोल्या, एक ओटा, आणि संडास मागच्या अंगणापलीकडे. चार बाळंतपणे झालेली, ठेंगणी, भरल्या अंगाची बाई. दुपारी वाती वळता वळता तिचा डोळा लागे आणि वात बोटातच राहे. रात्री मात्र ती घोरे. घोरणे एका लयीत चढत जाई, मग अचानक थांबे, इतका वेळ की आपण कान टवकारावेत, आणि मग एका मोठ्या हुंदक्यासारख्या आवाजाने पुन्हा सुरू होई. माझी मुले त्याला 'आजीची मालगाडी स्टेशनात थांबली' म्हणत. आम्ही सगळेच हसत असू. ती मालगाडी थांबली की थोड्याच वेळात आई उठे. बांगड्यांचा आवाज, दिव्याचे बटण, कडी. रात्रीतून तीनदा, चारदा.

तिने उपाय केला तो सगळ्या बायका करतात तोच. पाणी पिणे सोडले. संध्याकाळी पाचनंतर तांब्याला हात लावायचा नाही. कीर्तनाला जायचे असेल तर दुपारचा चहासुद्धा वर्ज्य. पुढे कीर्तनच सुटले. 'आताशा बुवांचे आख्यान रंगत नाही,' असे ती म्हणे. तिच्या पातळाच्या घड्यांत जुन्या धोतराचे फाडलेले तुकडे नीट दुमडून ठेवलेले मला एकदा सापडले होते. तिचा विटाळ बंद होऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. मी ते तुकडे होते तसे ठेवून दिले, आणि काही विचारले नाही.

२०१९ साली मी शेवटी ज्या डॉक्टरांकडे गेले त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी औषध लिहून दिले नाही, एक वही करायला सांगितली. तीन दिवस, चोवीस तास, किती वाजता किती प्यायले आणि किती वाजता किती झाले, ते मापून लिहायचे. मापाचे प्लास्टिकचे भांडे घेऊन मी न्हाणीघरात उभी राहिले तेव्हा मला हसू आले. आयुष्यभर इतरांच्या लेखनाचे मोजमाप करणाऱ्या बाईला ही शिक्षा योग्यच होती. पण त्या वहीने मला जे दाखवले ते मी स्वतःविषयी कधी ऐकले नव्हते. दिवसा मी जेमतेम चार पेले पाणी पीत होते आणि चहा पाच कप. कमी पाण्याने मूत्र दाट होते आणि दाट मूत्र मूत्राशयाला अधिकच डिवचते. चहातले कॅफीन त्यात भर घालते. म्हणजे आईचा उपाय आणि माझा उपाय एकच होता, आणि तो उपाय नव्हता. दुसरी गोष्ट अधिक विलक्षण. चोवीस तासांतल्या एकूण मूत्रापैकी जवळजवळ निम्मे रात्री होत होते. माझ्या वयाला रात्रीचा वाटा एक तृतीयांशाच्या आत असावा. "तुमचं मूत्राशय लहान झालेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या, "तुमचं शरीर रात्री जास्त मूत्र बनवतंय. ते का, ते पाहू. घोरता का?"

या प्रश्नाचा त्या दुखण्याशी काय संबंध, असे मी त्यांना विचारले नाही. मला मालगाडी आठवली.

संबंध असा आहे. झोपेत घशातली वाट मिटते, विशेषतः मानेभोवती आणि पोटावर चरबी वाढलेल्या माणसांत. श्वास अडतो, छाती मात्र तो ओढण्यासाठी धडपडत राहते. त्या धडपडीत छातीच्या पोकळीतला दाब उतरतो, हृदयाकडे जास्त रक्त ओढले जाते आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांची भिंत ताणली जाते. ताणलेल्या हृदयाला वाटते की शरीरात पाणी फार झाले. मग ते एक संप्रेरक रक्तात सोडते आणि मूत्रपिंडांना सांगते, पाणी आणि मीठ बाहेर काढा. कॅनडातल्या आदोल्फो दे बोल्द यांनी १९८१ साली दाखवून दिले की हृदयाच्या वरच्या कप्प्यांत असा एक पदार्थ आहे. हृदय हा केवळ पंप नसून स्राव निर्माण करणारी ग्रंथीही आहे, हे त्यातून पुढे स्पष्ट झाले. मी चाळीस वर्षे 'हृदय' या शब्दावर वर्गात बोलत आले, भावकवितेच्या संदर्भात तर तासन्‌तास. मूत्रपिंडांशी त्याचा असा थेट पत्रव्यवहार असेल, हे मला कोणत्याही कवीने सांगितले नव्हते.

ज्याचा श्वास असा अडतो तो माणूस जागा होतो श्वासासाठी, पण जाग आल्यावर त्याला जाणवते ती भरलेली ओटी, आणि तो समजतो की आपल्याला लघवीने उठवले. आईही तसेच समजत असावी. आम्ही तर तसे समजतच होतो.

माझी झोपेची तपासणी घरीच झाली. बोटाला, छातीला आणि नाकाखाली तारा लावून एक रात्र. तासाला बावीस वेळा श्वास अडत होता. त्यावर उपाय म्हणून एक लहानसे यंत्र उशाशी आले. ते नाकावाटे दाबाने हवा सोडून घशाची वाट उघडी ठेवते. पहिले पंधरा दिवस मी ते रोज मध्यरात्री काढून फेकले. नाकावर मुखवटा चढवलेली साठीची बाई आरशात पाहणे हे काही सुखाचे काम नाही. यजमान म्हणाले, "तुझं घोरणं थांबलं आणि माझी झोप गेली. सारखं उठून बघतो, आहेस की नाहीस." महिन्याभराने रात्रीचे चार वेळा उठणे दोनदावर आले. दुपारी वाचताना पुस्तक हातातून गळून पडणे थांबले. त्याला मी वार्धक्य समजत होते.

राहिले वजन. ते माझे पाच फूट एक इंच उंचीला अठ्ठ्याहत्तर किलो होते. या गावात ते तसे व्हायला फारसे श्रम पडत नाहीत: सकाळी पोहे-जिलबी, दुपारी शेव आणि पाहुणे आले की रात्री सराफा. डॉक्टरांनी मला फिजिओथेरपी करणाऱ्या एका मराठी मुलीकडे पाठवले. ती म्हणाली, "काकू, तुमच्या लहानपणी घरात नवारीची खाट होती का? नवार सैल झाली की माणूस मधे खचतो ना? तसंच आहे हे. वरून भार वाढलाय आणि खाली नवार सैल झालीय. नवार घट्ट करायचं मी शिकवते. भार तुम्ही कमी करा."

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची जी झोळी असते, जिच्यावर मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय पेललेले असतात, तिच्याविषयी ती बोलत होती. बाळंतपणात ती झोळी ताणली जाते, पाळी गेल्यावर संप्रेरके कमी होऊन तिथल्या ऊती पातळ होतात आणि पोटावरची चरबी तिला अहोरात्र दाबत राहते. आपल्याकडे ओटी भरण्याचा केवढा सोहळा! तांदूळ, नारळ, खण, हळकुंडे, सुपाऱ्या. सवाष्णीच्या ओटीत किती प्रकार पडतात ते मला आजही मोजून सांगता येईल. ती ओटी खालून कोण धरून ठेवते, हे मात्र मला त्रेसष्टाव्या वर्षी नवारीच्या खाटेवरून कळले.

व्यायाम दिसायला काहीच नाही. लघवी अडवताना जे स्नायू आवळतात ते आवळायचे, काही क्षण धरायचे आणि सोडायचे. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा, आणि फळ मागण्याआधी तीन महिने. आर्नल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरने १९४८ साली तो पद्धतशीर मांडला. म्हणजे माझ्या जन्माआधी आठ वर्षे. आईच्या चार बाळंतपणांपैकी एकही त्या वेळी झालेले नव्हते. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, पोटपट्टा हे सगळे तिला मिळाले. हे एवढेच पोचले नाही.

वजनाच्या बाबतीत मी कच्ची होते. उपदेशाने माझे वजन कधी उतरले नव्हते, म्हणून मी पुरावा मागितला. डॉक्टरांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाचा निबंध माझ्या हातात ठेवला. प्रॉव्हिडन्स आणि बर्मिंगहॅम या शहरांतल्या, वजन जास्त असलेल्या आणि आठवड्यातून निदान दहा वेळा ही फजिती होणाऱ्या ३३८ स्त्रिया. त्यांतल्या काहींना सहा महिने आहार, व्यायाम आणि वर्तन यांचे काटेकोर शिक्षण दिले, बाकीच्यांना चार व्याख्याने. पहिल्या गटाचे वजन सरासरी आठ टक्क्यांनी उतरले, म्हणजे पावणेआठ किलोंच्या आसपास. आणि त्यांच्या फजितीचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले. दुसऱ्या गटाचे वजन फक्त दीड किलो उतरले, तरी प्रसंग २८ टक्क्यांनी घटले. माझ्यातल्या समीक्षकाचे लक्ष या दुसऱ्या आकड्यावर खिळले. चार व्याख्याने आणि लिहायची एक वही एवढ्यानेही काहीतरी हलले होते. आणखी एक प्रामाणिक गोष्ट त्या निबंधात होती. दोन गटांतला फरक स्पष्ट दिसला तो खोकल्या-शिंकेच्या प्रकारात. धावत जाण्याच्या प्रकारात तो तितका सिद्ध झाला नाही. हातचे राखून न ठेवणारे असे लेखन आमच्या क्षेत्रात फार दिसत नाही. मी तो निबंध दोनदा वाचला आणि मग जिलबी सोडली. वर्षभरात सात किलो उतरले, त्यातले दोन परत आले. आता मी शिंकते ती बहुधा निर्धास्तपणे शिंकते.

याच सुमारास चरकसंहिता पुन्हा हाती आली. तिच्या सूत्रस्थानातल्या सातव्या अध्यायाचे नावच 'नवेगान्धारणीय'. कोणते वेग धरून ठेवू नयेत याची तेरा जणांची यादी त्यात आहे आणि यादीत पहिले मूत्र. त्याच यादीत भूक, तहान, अश्रू आणि निद्राही आहेत. मग त्याच अध्यायात जे वेग धरून ठेवावेत ते येतात: लोभ, शोक, भय, क्रोध, आणि त्यांत निर्लज्जताही. मी त्या दोन याद्यांपुढे बराच वेळ बसले. निर्लज्ज दिसू नये म्हणून आमच्या घरातल्या बायकांनी पहिल्या यादीतले सगळे वेग धरले. मूत्र, तहान, झोप, आसवे, काही सोडले नाही. प्रवासाला निघताना आई आदल्या रात्रीपासून पाणी पीत नसे. एस्टी कुठे थांबेल आणि थांबली तरी आडोसा असेल की नाही, याचा भरवसा नव्हता. मुंबईत बायकांनी 'राइट टू पी' हे आंदोलन सुरू केले ते २०११ साली. त्या नावावर आमच्या काही सुसंस्कृत मित्रांनी नाक मुरडले होते. मीही, मला वाटते, नाव जरा सौम्य असते तर बरे, असे म्हणाले होते.

चरकाचा एकविसावा अध्याय मात्र माझ्या डॉक्टरांना पटला नसता. त्यात अतिस्थूल माणसाचे वर्णन आहे आणि त्याच अध्यायात निद्रेचेही विवेचन येते. म्हणजे या दोहोंचा काही संबंध आहे हे त्या प्राचीन वैद्याने हेरले होते. पण स्थूलता घालवण्यासाठी तो जे वाढवायला सांगतो त्यात जागरण आहे, व्यायाम आहे आणि चिंतनही आहे. जागरणाने भूक वाढते आणि वजनही, असे आजचे शास्त्र म्हणते. आणि चिंतनाने वजन उतरत असते तर मराठीचे सगळे प्राध्यापक काडीसारखे दिसले असते.

एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. डॉक्टरांना सांगितली नाही, यजमानांना माहीत असावी पण आम्ही ती कधी बोललो नाही.

१९९६ सालच्या जानेवारीत मी माझ्या पहिल्या समीक्षाग्रंथाची मुद्रिते तपासत होते. रात्री एक-दीड वाजता झोपावे आणि पहाटे उठावे असा क्रम होता. आई माझ्याच खोलीत निजे. ती उठली की बटण दाबी, ट्यूबलाइट दोनदा फडफडून लागे आणि माझी झोप उडे. एका रात्री, तिसऱ्या वेळी, मी अंथरुणातूनच म्हणाले, "आई, दर वेळी दिवा लावायलाच हवा का गं? माझी झोप मोडते." ती म्हणाली, "बरं, नाही लावत." त्या स्वरात राग नव्हता. पुढच्या रात्री तिने दिवा लावला नाही. मला खरोखरच छान झोप लागली. पहाटे चारच्या सुमारास अंगणातून हाक आली ती मला नव्हे, माझ्या धाकट्या मुलीला. मला उठवायचे नाही म्हणून. ती पायरी चुकून पडली होती. मांडीच्या हाडाचा खुबा मोडला. छासष्टाव्या वर्षी ती अंथरुणाला खिळली ती पुन्हा उठली नाही. मार्चच्या शेवटी गेली. त्या दोन महिन्यांत नळी लावलेली असल्यामुळे तिला रात्री उठावे लागत नसे. "आता तुझी झोप होते ना नीट?" असे तिने मला एकदा विचारले होते.

माझा तो ग्रंथ त्याच वर्षी निघाला. तिलाच अर्पण केला आहे.

आता आमच्या घरात संडास खोलीला लागून आहे, अंगण ओलांडायचे नाही. तरी नवारीची गोष्ट सांगणारी ती मुलगी घर पाहून गेली तेव्हा म्हणाली, "काकू, वाटेत एक बारीक दिवा रात्रभर असू दे. आणि हे पायपुसणं काढा, यावरून घसराल." पायपुसणे काढले. दिवा भिंतीत खाली, पावलांच्या उंचीवर बसवला आहे. पिवळा, मंद, बटण नसलेला. डोळ्यांवर येत नाही. यजमानांची झोप त्याने मोडत नाही, हे मी त्यांना दोनदा विचारून घेतले.

वही अजून ठेवते, आता रोज नाही, महिन्यातून तीन दिवस. कालची नोंद: निजणे साडेदहा. दोन वाजून दहा मिनिटांनी, दोनशे चाळीस मिलिलिटर. नंतर थेट सहाला.